रंग्या खाईना गेला : मानवतकडच्या एका घोयऱ्याचे ४७ दिवस

२०२४ चा पोळा आमच्याकडं पोळ्यासारखा झालाच नाही. १ आणि २ सप्टेंबरला परभणी, हिंगोली, नांदेडकडं जो पाऊस झाला तो ज्यांनी बघितला त्यांना वेगळं सांगायची गरज नाही, बैल गोठ्यातच रंगवले, मिरवणूक नाही काही नाही, नदी-वढे एक झालेले आणि लाईट तर आदल्या दिवशीपासूनच गायब. अशात दुपारच्याला फोन आला. मानवतच्या पलीकडचं एक गाव, पोरगं आठवीतलं, आवाज रडका. "सर, तुम्ही साप धरता ना? माझा रंग्या मरायलाय. काहीच खाईना गेलाय."

पोळ्याच्या दिवशी रंग्या म्हणल्यावर मला आधी बैलच वाटला. नंतर कळलं की रंग्या म्हणजे घोयरा सरडा, आपला देशी शॅमेलिऑन. जुलैत पेरणी झाल्यावर धुऱ्यावरच्या बोरीवर सापडला, गावातले दगड घालायला निघाले होते (घोयरा विषारी असतो, अंगावर थुंकला की माणूस जातं असं अजून लोक म्हणतात, यातलं काहीही खरं नाही), म्हणून यानं शर्टात लपवून घरी आणला आणि टमाट्याच्या कॅरेटमध्ये ठेवला. दीड-दोन महिने पाळला. १ तारखेच्या संध्याकाळी पाऊस घरात शिरला, सामान वर करायच्या गडबडीत कॅरेट पडवीत राहिलं आणि मांजरानं डाव साधला.

रस्ता बंद होता, ३ तारखेला उघडला. चुलत्याच्या गाडीवर मागं बसून पोरगं कॅरेट मांडीवर घेऊन आलं, वरून आजीचं लुगडं झाकलेलं. मी लुगडं उचललं तर रंग्या काळा पडलेला. एकदम काळा नाही, कडब्याला पाणी लागून कुजल्यावर येतो तसा मळकट रंग. भरदिवसा डोळे मिटलेले. घोयऱ्याचा डोळा म्हणजे चामड्याचा बुरूज, मधी तिळाएवढी फट आणि दोन्ही डोळे आपापल्या दिशेनं फिरत असतात, पण याचे दोन्ही बुरूज आत खचलेले. पाणी कमी पडलं की ते असे खचतात. बरगडीवर, उजव्या खांद्याच्या जरा मागं, दोन बारीक भोकं. उजवा पुढचा पाय कोपराच्या खाली सुजलेला. खालच्या ओठाला पण फाटल्यासारखं होतं, आणि ते काही मांजराचं वाटेना.

"तोंड उघडायला पेनाचं टोपण लावलं होतं," पोरगं म्हणलं. "आज्जी म्हणली दूध पाज, ताकद येईल."

मी काही बोललो नाही. आजी घरून फोनवर होतीच. "बाबा, दोन दिवसाचं उपाशी लेकरू हाय ते, काय करावं मग?" आजीचं चूक कसं म्हणावं, आपल्याकडं माणूस, वासरू, पाखरू, सगळ्यांना आधी दूधच. पण सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पोटात दूध पचवायची सोयच नसते, ते पोटात नासतं नाहीतर श्वासनळीत जातं. बरं तर बरं, यानं गिळलं नव्हतं, सगळं गळ्यावरून ओघळून सुकलं होतं. गळ्याखाली आंबट वास येत होता.

आता एक गोष्ट सुरवातीलाच सांगून टाकतो म्हणजे नंतर मधी मधी यायला नको. घोयरा हा वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ खाली संरक्षित आहे, पाळता येत नाही, मलाही नाही. मी सर्पमित्र असलो तरी माझ्याकडं आलेला प्राणी माझा होत नाही. म्हणून पहिला फोन वनरक्षकाला केला, नोंद झाली, उपचार होईपर्यंत माझ्याकडं ठेवायचं ठरलं. ज्यांना कुणी ओळखीचं नाही त्यांनी वन विभागाचा १९२६ लावावा. पोराला वाटलं आता पोलीस येणार. वनरक्षक चांगला माणूस होता, पोराला एवढंच म्हणला की तू नसता आणला तर दगडानं मेला असता, पण आणल्यावर त्याच दिवशी फोन करायला पाहिजे होता. शहरात ज्यांच्याकडं बाहेरदेशचे, येमेनकडचे वगैरे शॅमेलिऑन असतात त्यांचे नियम वेगळे, त्यांना केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावी लागते. आजारपणात करायच्या गोष्टी मात्र बऱ्याचशा ह्याच.

डॉक्टर ओळखीचे, जनावरांचेच, उदगीरला शिकलेले, दिवसभर म्हशी-गायीच्या मागं. त्यांनी आधी विचारलं, मादी आहे का, पोटात अंडी आहेत का? कारण पावसाळ्याच्या शेवटाला मादी अंड्यावर असली की ती पण खाणं सोडते, जमीन उकरायला जागा शोधत फिरते, आणि आपण बसतो जखमेचा विचार करत. एक्स-रेत अंडी नव्हती, नर निघाला. हाताच्या दोन हाडांपैकी एक मोडलेलं, दुसरं शाबूत. डॉक्टर म्हणले, "शेजारचं हाड हेच याची फळी. वरून बांधलं तर हा फांदी धरू शकणार नाही आणि पडून दुसरं मोडून घेईल. बांधायचं नाही, उंच चढू द्यायचं नाही."

जास्त भीती त्या दोन भोकांची होती. मांजराचा दात सुईसारखा, वरून टिकली एवढं दिसतं पण घाण खोल गेलेली असते, मांजराच्या तोंडात पाश्चुरेला नावाचे जंतू राहतातच. त्यात सरड्याचा पू आपल्यासारखा पातळ नसतो, पनीरच्या चुऱ्यासारखा घट्ट होतो, तो आपोआप वाहून जात नाही. म्हणून अँटिबायोटिकचं इंजेक्शन ठराविक दिवसांच्या अंतरानं, शरीराच्या पुढच्या अर्ध्या भागात (मागच्या पायात दिलं तर औषध सगळीकडं पोचायच्या आधी किडनीकडं जाऊ शकतं म्हणून), आणि दुखण्यावरचं वेगळं औषध. डोस मी इथं लिहीत नाही, ग्रॅमच्या हिशोबाचं काम आहे, एक शून्य चुकलं तर संपलं. जखम धुवायला बीटाडीन पाण्यात मिसळून एकदम फिक्कं, पातळ कोऱ्या चहाच्या रंगाचं. पोरानं आधी हळद भरली होती, ती काढायलाच अर्धा तास गेला.

वजन केलं. ६४.२ ग्रॅम. त्यासाठी सराफाच्या दुकानात गेलो होतो हे खरं आहे. पहिल्या दिवशी काटा नव्हता, गल्लीतला सोनार मित्र, त्याच्या काट्यावर श्रीखंडाचा डबा ठेवून शून्य केला आणि डब्यात घोयरा. दुकानात मंगळसूत्र बघायला आलेल्या बाया उठून बाहेर. नंतर मी छोटा काटा मागवला. वजन का, तर खात नाही म्हणून किती घाबरायचं हे वजन सांगतं. डॉक्टरांनी आकडा दिला, दहा टक्के. म्हणजे ५७.८ च्या खाली गेला तर तोंड उघडून भरवायचं, तोपर्यंत नाही. हा आकडा नसता तर मी पहिल्याच दिवशी चिमट्यात किडा धरून त्याच्या तोंडावर आपटत बसलो असतो.

तसं मी केलंच थोडंफार. ते पुढं येतं.

पहिले दोन दिवस लाईट नव्हती आणि सगळं तिथंच अडलं. हा प्राणी थंड रक्ताचा, त्याची ऊब बाहेरून येते, अंग गार असलं तर पोट चालत नाही, औषध नीट काम करत नाही, अंगाची जखमेशी झुंजायची ताकद पण येत नाही, आणि अशा गार पोटात अन्न घातलं तर ते पचायच्या ऐवजी आतच सडतं. पावसानं घरात गारवा. मग गरम पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून कॅरेटच्या एका बाजूला, दुसरी बाजू मोकळी, त्याला नको वाटलं तर सरकता यावं. रात्री दोनदा उठून पाणी बदललं. बायको म्हणली, माझ्या बाळंतपणात एवढं उठला नव्हतात.

लाईट आल्यावर घर बांधलं. लाकडी चौकट, चारी बाजूनं मच्छरदाणीची जाळी, साधारण तीन फूट उंच पण फांद्या खालच्या दीड फुटातच. काचेची मासोळीची टाकी एक जण फुकट देत होता, घेतली नाही. काचेत हवा खेळत नाही, आणि काचेतून आलेल्या उन्हात ते यूव्हीबी किरण राहत नाहीत ज्यानं कॅल्शियम अंगी लागतं, वरून टाकी उन्हात ठेवली तर जनावर अर्ध्या तासात शिजतं. मधी जास्वंदीची कुंडी. वर एका कोपऱ्यात साधा ६० वॅटचा पिवळा बल्ब, जाळीच्या बाहेरून, त्याच्या खालच्या फांदीवर ३० डिग्रीच्या आसपास. ऊन पडलं की सकाळी वीस मिनिटं गच्चीवर, निम्म्या भागावर सावली करून.

आता पाणी. आमच्या सोनार मित्रानं वाटीत पाणी ठेवायला सांगितलं, पोरगं पण वाटीच ठेवत होतं, "सर पितच नव्हता तो." पिणार कसा, घोयऱ्याला साचलेलं पाणी म्हणजे पाणी असं कळतच नाही बहुतेक वेळा, तो पानावरचा थेंब चाटतो, दव नाहीतर पावसाचा. दोन महिने त्या पोरानं वाटी भरून ठेवली आणि रंग्या जगला तो केवळ पडवीत कॅरेटवर पावसाचे शिंतोडे उडत होते म्हणून, असं मला वाटतं. मी मेडिकलमधून सलाईनचा सेट आणला, नुसती नळी आणि चाकवाला भाग. पाण्याची बाटली खिळ्याला उलटी टांगली, नळीचं टोक जास्वंदीच्या वरच्या पानावर, आणि चाक फिरवून थेंब सेट केला, दोन सेकंदाला एक. पान हललं की थेंब चमकतो, घरंगळतो, खालच्या पानावर टप.

पहिले तीन तास काहीच नाही. डॉक्टरांनी कातडीखाली पाणी दिलेलंच होतं, त्यामुळं डोळे थोडे वर आले होते. चौथ्या तासाला एक बुरूज उघडला. नुसता एकच. त्या फटीतली काळी बाहुली वर गेली, थेंबाबरोबर खाली आली, परत वर. मग मान इतक्या हळू पुढं, की पुढं येतेय का मलाच भास होतोय कळेना, आणि पानाच्या टोकाला ओठ लावून बसला. घशाखालची कातडी हलायला लागली. सतरा मिनिटं प्याला. मी घड्याळ लावलं होतं.

दुसऱ्या दिवशी शी केली. त्यात जो पांढरा भाग असतो तो याचा गडद केशरी आलेला, म्हणजे अंगात पाणी किती आटलं होतं बघा. पुढं तो पिवळट झाला आणि सातव्या दिवशी खडूसारखा पांढरा. हे असं शीकडं बघून आनंद होणं सर्पमित्रांच्या बायकांनाच माहीत.

वजन ६ तारखेला ६६ झालं, मी खूष, डॉक्टर म्हणले ते पाण्याचं आहे, उडू नका. खरंच, ९ ला ६१. खाणं अजून शून्य.

आणि इथून माझ्या चुका. गणपती बसलेले (७ ला बसले), घरात पाहुणे, येणारा प्रत्येक जण "ते रंग बदलणारं दाखवा की". मी दाखवत होतो. पोरगं शनिवार-रविवार येऊन पिंजऱ्यासमोर मांडी घालून बसायचं, गालावर हात, तासन्‌तास. माझा मोबाईल स्टँडवर, पहिला घास शूट करायचा होता ना. चिमट्यात नाकतोडा धरून त्याच्या नाकासमोर हलवायचो, तो मान फिरवायचा. मी त्या बाजूला जायचो. तो इकडं फिरवायचा. दिवसातून पाच-सहा वेळा. रोज वजन, रोज हातात धरणं, जखम बघणं. आणि दर वेळी अंगावर ते काळपट पट्टे, जे मला माहीत असून मी औषधाचा परिणाम म्हणत होतो. लोकांना वाटतं हा मागच्या पानासारखा रंग घेतो. तो रंग मुख्यतः त्याची हालत सांगतो, गार आहे, घाबरलाय, चिडलाय, झोपलाय. रंग्या मला सहा दिवस एकच गोष्ट सांगत होता आणि मी नाकतोडा बदलत होतो.

१० तारखेला लक्ष्म्या यायच्या होत्या, बायकोनं मखरासाठी जुन्या साड्या काढल्या, त्यातली एक उरली ती सहज तिनं पिंजऱ्यावर टाकली. म्हणली, घरात आता पन्नास माणसं येणार, त्याला कशाला सगळ्यांच्या नजरेत. तीन बाजू झाकल्या, एक भिंतीकडची उघडी, उजेड तिकडून. मोबाईल मी दुसऱ्या कामाला घेतला. लक्ष्म्यांच्या जेवणाच्या गडबडीत ११ ला दिवसभर कुणी फिरकलंच नाही, पाण्याची बाटली तेवढी भरली.

संध्याकाळी साडीच्या फटीतून बघितलं तर रंग्या हिरवा. फिकट, हरभऱ्याच्या कोवळ्या पाल्यासारखा, त्यावर पिवळे ठिपके. आठ दिवसात पहिल्यांदा मी त्याचा खरा रंग बघितला.

दुसऱ्या दिवशी, १२ ला, वजन ५८.६. आठशे मिलिग्रॅम राहिले होते त्या आकड्याला. डॉक्टर म्हणले उद्या सकाळी भरवू. त्या दिवशी मी चिमटा बाजूला ठेवला आणि श्रीखंडाचाच डबा घेतला, पांढरा, आत किडा उठून दिसतो. आतून एका बाजूला जाळीची पट्टी चिकटवली म्हणजे किडा चढून वर येतो, डबा तारेनं फांदीला बांधला, त्याच्या तोंडापासून चार-पाच इंचावर, खाली. मोडक्या पायानं त्याला कुठं जायची गरज नको. आत तीन रातकिडे, बारीक, मागच्या उड्या मारायच्या तंगड्या काढलेले. साडी टाकली आणि मी कामाला निघून गेलो.

आलो तेव्हा दोन होते.

तिसरा पळाला असेल म्हणून मी कुंडीची माती उकरली, पिंजऱ्याचा तळ बघितला. नव्हता. डॉक्टरांना फोन केला, ते कुठंतरी म्हशीला हात घालून उभे होते, म्हणले, "मग उद्या तोंड उघडायचं नाही." आणि फोन ठेवला. पहिला घास कुणीच बघितला नाही, ना व्हिडिओ ना काही.

नंतर फटीतून बघितलेलं सांगतो. घोयऱ्याची जीभ म्हणजे पोराच्या गलोलीसारखं काम आहे. आत एक निमुळतं हाड असतं, त्यावर जीभ बाहीसारखी गोळा होऊन बसलेली, स्नायू आवळले की आतल्या थरांत ताण साठतो आणि मग सुटते, धडापेक्षा पण लांब जाते. गार अंगात सुद्धा ती सुटते बऱ्यापैकी, कारण ताणाचं काम आहे, पण आत ओढून घ्यायला स्नायू लागतो आणि तो गारठलेला असला की ओढ कमी पडते. रंग्याचं सुरवातीला तेच दिसलं, सकाळी बल्बखाली जायच्या आधी त्यानं जीभ टाकली, किड्याला लागली, पण परत घेताना ती ओल्या सुतळीसारखी लोंबली, किडा निसटला, आणि मग हळूहळू, दोन-तीन सेकंदात, आत. मला वाटलं जिभेला पण इजा झालीय. दुपारी ऊब घेऊन तोच रंग्या, तोच डबा, सट्टकन. म्हणून डबा भरायची वेळ मी सकाळी अकरानंतरची केली. फाटलेला ओठ होता तोपर्यंत मोठा नाकतोडा दिला नाही, टणक पायांचे काटे त्याच जागी टोचतात.

किडे कुठले हा प्रश्न मराठवाड्यात सप्टेंबरमध्ये सोपा वाटतो, पण नाही. चहूकडं सोयाबीन, त्यावर चक्रीभुंग्यासाठी, उंट अळीसाठी फवारणी चालू, आणि पोरगं दोन महिने त्याच सोयाबीनमधले नाकतोडे आणून घालत होतं. सुस्त नाकतोडा हाताला लवकर लागतो म्हणून तोच धरला जातो, आणि तो सुस्त कामून आहे हे कुणी विचारत नाही. मी त्याला सांगितलं की गायरानातले, पडीकातले आण, आणि उड्या मारून दमवतील असेच आण. आणले की एक दिवस डब्यात शेवग्याचा पाला आणि गाजर टाकून ठेवायचे, किड्याच्या पोटात जे असतं तेच शेवटी याच्या पोटात. एक दिवसाआड किड्यांवर कॅल्शियमची पावडर, डॉक्टरांनी दिलेली. एकानं मला पानाचा चुना लावायचा सल्ला दिला, कॅल्शियमच आहे म्हणे. असलं काही करू नका, चुन्यानं तोंड भाजतं.

१७ सप्टेंबर. सकाळी मुक्तिसंग्राम दिनाचं झेंडावंदन, संध्याकाळी अनंत चतुर्दशी, त्या वर्षी दोन्ही एकाच दिवशी आले होते. आमची गल्ली विसर्जनाच्या रस्त्यावर. घोयऱ्याला बाहेरून कान नसतात, पडदा दिसत नाही, म्हणून मी निवांत होतो की याला काय डीजे. पण खालच्या सुराचा आवाज त्याला कळतो आणि थरथर तर फांदीतून पायाला येतेच. गाडी दारासमोर थांबली तेव्हा खिडकीची तावदानं वाजत होती, जास्वंदीची पानं हलत होती आणि रंग्या परत त्या पहिल्या दिवशीच्या रंगाचा, डोळे बंद. पाच दिवसात सात किडे खाल्लेला प्राणी पुढचे दोन दिवस परत शून्य. मी पिंजरा मागच्या खोलीत नेला, खाली रजई घातली. या वेळी चिमटा हातात घेतला नाही. तिसऱ्या दिवशी डब्यातले दोन गेले.

त्यानंतर फार सांगण्यासारखं नाही. २५ ला ६१ ग्रॅम, ऑक्टोबरच्या ५ ला ६६. वजन आठवड्यातून दोनदाच. बरगडीवरच्या एका भोकाखाली गाठ आली होती, डॉक्टरांनी सुन्न करून ती उघडून घट्ट पू काढला, शेंगदाण्याएवढा. दसऱ्याच्या सुमाराला कात टाकली, तुकड्या तुकड्यानं, जखमेवरची शेवटी. दुसऱ्या एक्स-रेत हाड जुळलेलं दिसलं. पायाचं मात्र पूर्ण झालं नाही. घोयऱ्याची बोटं दोन मोळ्यांत बांधलेली असतात, पुढच्या पायाला आतली तीन आणि बाहेरची दोन, आणि त्या दोन मोळ्यांचा चिमटा करून तो फांदी धरतो. उजव्या पायाची बाहेरची मोळी नीट मिटत नव्हती.

आता सोडायचा का? डॉक्टर म्हणले अजून महिनाभर ठेवलं तरी या बोटांत फार फरक पडेल असं वाटत नाही, आणि दिवाळीनंतर थंडी लागली की सोडणं अवघड. वनरक्षक म्हणला तुम्ही सांगाल तसं. मला अजून पण पक्कं माहीत नाही की बरोबर केलं का. आठवडाभर फांद्या वरपर्यंत वाढवून दिल्या, डबा काढून टाकला, मोकळे नाकतोडे सोडले, ते त्यानं स्वतः हुडकून खाल्ले, तेव्हा ठरवलं.

२० ऑक्टोबर, रविवार, ७० ग्रॅम. पोराच्याच शिवारात, पण सोयाबीन काढून झालेल्या बाजूला नाही, गायरानाच्या कडेला बाभळी आणि बोरी दाट आहेत तिथं. आजी पण आली होती, पदरात शेंगदाणे बांधून, कुणासाठी ते विचारलं नाही. वनरक्षकानं फोटो काढला, वहीत लिहिलं. मी फांदीसकट त्याला बोरीला टेकवला. एक डोळा आमच्याकडं, एक वर. डावा पुढचा पाय पुढं, घट्ट. मग उजवा. मोळी मिटली नाही, पाय घसरला, पोरगं पुढं झालं तर मी त्याचा शर्ट धरला. रंग्यानं झुलत झुलत, ते वाऱ्यात पान हलल्यासारखं पुढं-मागं करतात तसं करत, तो पाय परत उचलला आणि यावेळी बोटांनी न धरता कोपरच फांदीवर अडकवला, वरून, आकडी टाकल्यासारखं. शेपटी आवळली. चढला.

"सर, त्यानं असं कधी केलं नव्हतं," पोरगं म्हणलं.

पिंजऱ्यात पण केलं नव्हतं. आम्ही अजून थोडा वेळ थांबलो, मग आजी म्हणली, "चला आता, लई माणसं बघायलेत त्याच्याकडं."